लग्न वाडीत करा, समुद्राला तासभर द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीचं लग्न माघ शुद्ध द्वादशीला, गोरज मुहूर्तावर. पाहुणे साडेतीनशे. निम्म्याहून जास्त ठाण्या-मुंबईचे, शंभरेक पुण्याचे आणि पंधरा-वीस जण जावयाचे बॉस्टनचे मित्र. तुमचं आजोळ रेवदंड्याचं, म्हणून लग्न इकडेच व्हावं अशी मुलीची हौस. जागा तीन पाहून झाल्यात: अलिबागच्या किनाऱ्यालगत लॉन असलेलं एक रिसॉर्ट, नागाव आणि चौलच्या मधली एक नारळ-सुपारीची वाडी, आणि पोयनाडच्या अलीकडे शेतातलं एक फार्महाऊस. मुलीला रिसॉर्ट आवडलंय, यजमानांना फार्महाऊस, आणि तुमचं मन वाडीत अडकलंय.

तुमचं मन बरोबर ठिकाणी अडकलंय. मी 2003 पासून या पट्ट्यात मांडव घालतोय, गेली बारा-तेरा वर्षं लग्नाची सगळीच व्यवस्था अंगावर घेतो, आणि माझ्या घरचं कार्य असतं तर मी वाडीच घेतली असती. समुद्र हवाच, पण तासाभरापुरता. लग्न लागायचं, जेवायचं, म्हाताऱ्यांनी टेकायचं ते झाडांच्या आत.

आधी रिसॉर्टबद्दल सांगतो, कारण मुलीची समजूत तुम्हालाच घालायची आहे. फोटो सकाळी अकराचे असतात. तेव्हा वारा पडलेला, पाणी लांब, वाळू कोरडी. दुपार कलली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो आणि थंडीच्या महिन्यांत तो चांगलाच भरतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका लॉनवर लग्न उभं केलं होतं. मुहूर्त संध्याकाळचा. मंगलाष्टकं सुरू झाली, दोन मामांनी अंतरपाट धरला आणि तो शिडासारखा फुगला. एक मामा पुढे ओढला गेला, नवरदेवाचा फेटा सरकला. भटजींचा आवाज माईकमधून ऐकूच येईना, नुसती घरघर. अक्षता टाकल्या त्या वधूवरांवर न पडता मागे बसलेल्या कॅटररच्या पोरांवर. होमाच्या वेळी तर आम्ही चौघं जण सतरंजी आडवी धरून उभे होतो, ठिणगी शालूवर जाऊ नये म्हणून. त्या लग्नाचे फोटो फार सुंदर आलेत. मला मात्र अजून ती सतरंजीच आठवते.

दुसरी गोष्ट वाळूची. खुर्चीचे पाय रुततात, व्हीलचेअर तर चालतच नाही, आणि वाऱ्याबरोबर बारीक वाळू ताटात येते. अळूच्या फदफद्यात वाळू लागली की दाताखाली जो आवाज होतो तो पाहुणा वर्षानुवर्षं विसरत नाही.

तिसरी गोष्ट कागदांची. लॉन रिसॉर्टचं असतं, पुढची वाळू नसते. 'बीचवर मंडप घालून देऊ' असं कोणी म्हटलं तर भरतीरेषा त्यांच्या नकाशात कुठे आहे, किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या मांडवाला मेरीटाईम बोर्डाची, महसूल खात्याची आणि पोलिसांची परवानगी कोण काढणार, हे लेखी मागा. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, हा आमच्याकडे कागदावरचा कायदा राहिलेला नाही. किहीमचा एक गाजलेला बंगला 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तुमचा मांडव कोणी सुरुंग लावून पाडणार नाही, पण आदल्या दिवशी 'काढा' म्हणून सांगायला माणूस येऊ शकतो, आणि त्या वेळी रिसॉर्टचा मॅनेजर फोन उचलत नाही.

आता भरतीचं गणित. आमच्याकडचे कोळी घड्याळ न बघता सांगतात: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, पक्षातली तिथी धरायची. तुमची द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला आणि रात्री नऊ-साडेनऊला भरती, मधली ओहोटी दुपारी तीनच्या आसपास. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे गोरज मुहूर्ताला पाणी निम्मं वर आलेलं आणि वाढतच असणार. पौर्णिमा-अमावस्येला हेच उलट असतं. भरती दुपारी बाराच्या आधी-नंतर, संध्याकाळी सहाला पाणी पार लांब आणि किनारा मैदानासारखा मोकळा. अष्टमी-नवमीला संध्याकाळीच भरती, पण ती भांगाची, फार वर चढत नाही. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून छापील वेळापत्रकही पाहायचं. पण पंचांग हातात असताना हे गणित कोणी का करत नाही, याचं मला नवल वाटतं. मुहूर्त आणि भरती दोन्ही चंद्रावरच चालतात.

म्हणून तुमच्यासाठी माझं म्हणणं: दुपारी साडेतीन ते साडेचार वधूवर, भावंडं आणि ती बॉस्टनची मंडळी नागावच्या किनाऱ्यावर. ओहोटीचा ओला चकचकीत किनारा, ऊन कललेलं, फोटोवाल्याला याहून चांगली वेळ मिळणार नाही. पाच वाजता सगळे वाडीत परत. सुरूच्या बनाजवळ गाड्या लावायला जागा आहे, पण शनिवार-रविवार असेल तर तिथे स्कूटरवाल्यांची आणि उंटवाल्यांची गर्दी असते, जरा उत्तरेला आक्षीकडे सरका.

किनाऱ्याजवळची कुठलीही जागा घेताना आणखी दोन गोष्टी नाकाने आणि पायाने तपासा. माघात बोंबील सुकवायचा हंगाम असतो. कोळीवाड्याशेजारी वलांड्यांवर बोंबील लटकत असतात आणि वारा तुमच्याकडे असला तर अत्तरदाणीचा काही उपयोग होत नाही. वरपक्ष शुद्ध शाकाहारी असेल तर विचारूच नका. दुसरं, आमच्या बऱ्याच गावांत स्मशान किनाऱ्यालगत असतं. एका लग्नात वरात निघायची आणि समोरून गावातली अंत्ययात्रा यायची एकच वेळ झाली. वरातीने बाजूला होऊन बँड बंद केला, सगळे हात जोडून उभे राहिले, नवरदेवही घोड्यावरून उतरला. गावाने ते लक्षात ठेवलं आणि रात्री आपणहून मदतीला माणसं पाठवली. पण रस्ता कुठे जातो हे आधी विचारलेलं बरं.

वाडीकडे येऊ. वाडी म्हणजे हॉल नव्हे, हे पहिल्यांदा मनात पक्कं करा. माडाच्या दोन झाडांमध्ये वीस-पंचवीस फूट अंतर असतं, पोफळी तर आठ-नऊ फुटांवर. तिथे चाळीस फुटी स्टेज आणि गोल टेबलं मांडायला गेलात की एक तर मांडवाचे खांब झाडांत घुसतात किंवा मालक झाड तोडायला तयार होतो, आणि दुसरं पहिल्याहून वाईट. पण माडांच्या ओळीतून पंगत अशी सरळ बसते की जणू लावणाऱ्या पणजोबाने तेवढ्यासाठीच अंतर सोडलं होतं. ताटाला दोन फूट धरा, वाढप्यांना मध्ये पाच फूट वाट. शंभर-सव्वाशेच्या तीन पंगतींत तुमचे साडेतीनशे आरामात उठतात. बुफे करायचाच असेल तर तो अंगणात, खळ्यावर. बॉस्टनवाल्यांना पाट नकोत, त्यांच्यासाठी एका कडेला बाक-टेबल लावा. त्यांना पाटच हवेत असं ते म्हणतील, तरीही लावा.

लग्न लागायची जागा मोकळीच हवी, आणि ती बहुतेक वाड्यांमध्ये आता सापडते. त्याचं कारण मात्र चांगलं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथे जमिनीवर आलं तेव्हा माड-पोफळी अक्षरशः झोपल्या. ज्याला आज मालक 'आमचं लॉन' म्हणतो तिथे कित्येक ठिकाणी त्याच्या आजोबांची तीस-चाळीस झाडं होती. नवीन लावलेली पोरं अजून कमरेएवढीच असतील तर त्यांना बांबूचं कुंपण घालायला सांगा, नाहीतर पार्किंगवाले त्यांच्यावर गाड्या घालतात.

मालकाशी बोलताना चार गोष्टी ठरवून घ्या. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी माणूस झाडांवर चढवून तयार नारळ आणि सुकी झावळं उतरवायची, मांडवाबाहेरच्या झाडांचीसुद्धा, कारण मुलं मांडवात बसत नाहीत. वाडीचं शिंपण चार दिवस बंद ठेवायचं. हे सांगितलं नाही तर मालक सवयीने आदल्या संध्याकाळी पाटाला पाणी सोडतो आणि सकाळी पैठण्यांचे काठ चिखलात. झाडांना खिळे ठोकायचे नाहीत, दिवे-तोरणं काथ्याने बांधायची. आणि विहिरीचं पाणी चाखून बघा. खरोखर, ओंजळभर घेऊन. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ व्हायला लागतात. माघात सहसा ठीक असतं, तरी स्वयंपाकाला आणि प्यायला टँकर वेगळा सांगाच.

डासांचं काय, असं तुम्ही विचारणारच. दिवेलागणीला वाडीत डास असतात, खोटं कशाला बोलू. आदल्या दोन संध्याकाळी फवारणी आणि त्या दिवशी चार वाजता कडेकडेने नारळाच्या सोडणांची धुरी. मंगलाष्टकांच्या वेळी धूर विरलेला हवा, वास राहिला तर चालतो.

शौचालयं हा विषय कोणी काढत नाही आणि लग्न तिथेच बिघडतं. वाडीतल्या घरात दोन-तीन असतात, त्यांची टाकी घरच्या दहा माणसांच्या हिशोबाची. साडेतीनशेंना किमान दहा हवीत, त्यातली सहा बायकांसाठी, दोन कमोडची आणि पायरी नसलेली. फिरती चांगली मिळतात. ती मांडवापासून पन्नास-साठ पावलांवर ठेवा आणि वाटेवर दिवे लावा. जनरेटर त्याहूनही लांब. महावितरणची लाईन असली तरी जनरेटर लागतोच, कारण या भागातली वीज कधी जाईल याचा मुहूर्त कुठल्याच पंचांगात नाही.

रस्ता. अलिबाग-रेवदंडा रस्ता नागावातून जातो तो घरांच्या पायऱ्यांना घासून. आळ्यांमध्ये तर समोरून टेम्पो आला तर एकाला मागे जावं लागतं. पन्नास सीटची बस वाडीच्या दारात येणार नाही. आलीच तर वळणार नाही, आणि वरच्या वायरी तुटतील त्या वेगळ्याच. पुण्याची बस अलिबाग शहरात किंवा मुख्य रस्त्यावर उभी करा आणि तिथून सतरा सीटच्या गाड्या फिरत्या ठेवा. पुण्याहून खोपोली-पेण-वडखळ असा रस्ता. वडखळ नाक्यावर गोव्याकडच्या गाड्या अडकतात, म्हणून शनिवारी सकाळी आठच्या आत तो नाका ओलांडायचा. मुंबईकरांना अटल सेतू झाल्यापासून पेणपर्यंत सोपं झालंय, पुढचा वडखळ-अलिबाग तुकडा मात्र तोच आहे. रेल्वेचा विचार करू नका. थळच्या खत कारखान्याची मालगाडी येते, माणसांची नाही. जवळचं स्टेशन पेण.

बोट मात्र सोडू नका. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो गाड्यांसकट तासाभरात मांडव्याला आणते, आणि निम्मे पाहुणे त्या तासातच लग्नाच्या मूडमध्ये येतात. गेटवेहून लाँच आहेतच. पण रात्री बोट नाही. शेवटची संध्याकाळीच जाते. गोरज मुहूर्ताचं लग्न, म्हणजे जेवण होईस्तोवर नऊ-साडेनऊ. ज्यांना त्याच रात्री ठाण्याला परतायचंय त्यांना रस्ता हाच मार्ग, आणि जेवून पेंगणाऱ्या काकांनी वडखळपर्यंत गाडी चालवावी हे मला पटत नाही. पत्रिकेसोबतच 'मुक्कामाची सोय आहे' असं कळवा आणि खरंच करा. नागाव-चौलमध्ये घरगुती खोल्या पुष्कळ आहेत. खोल्या मोजू नका, न्हाणीघरं मोजा. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत किती माणसं अंघोळ करतील त्यावर मुक्काम ठरतो.

दहाची गोष्ट तिन्ही जागांना सारखीच लागू. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण ती सणांसाठी, तुमच्या संगीतासाठी नाही. 'आमच्याकडे चालतं' म्हणणाऱ्या मालकाच्या जागेत मी काम घेत नाही. संगीत आदल्या दिवशी, सहाला सुरू, दहाला संपलं. दारू ठेवायची असेल तर एका दिवसाचा परवाना उत्पादन शुल्क खात्याकडून काढावा लागतो, तोही वेळेत सांगा. आणि सरपंचांना पत्रिका द्यायला स्वतः जा, माणूस पाठवू नका.

फार्महाऊसबद्दल फार लिहीत नाही, कारण साडेतीनशे माणसांना ते मोठं पडेल. आठशे-हजार असते तर मीच तुम्हाला पोयनाडकडे पाठवलं असतं. रस्ता रुंद, पेणहून जवळ, भात कापून झालेल्या खाचरात दोनशे गाड्या राहतात. फक्त नोव्हेंबरात नाही, तेव्हा वरून सुकलेलं दिसतं आणि चाक आत जातं. फेब्रुवारीत जमीन कडक असते. पण तिथे समुद्र नाही, आणि मुलीची हौस समुद्राची आहे.

हळदीच्या रात्री फार्महाऊसवाले पोपटी करून देतो म्हणतात, ती वाडीतही होते. माघात वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, बटाटे, रताळी, खाणाऱ्यांसाठी कोंबडी आणि अंडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून पेंढ्या-झावळांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडकी दोन करा, शाकाहारी वेगळं, आणि त्याला खूण म्हणून तोंडाशी हळदीचं बोट लावा. अंधारात आणि घाईत मडकी सारखीच दिसतात, हे मी एकदा महागात शिकलोय. सोबत आपला पांढरा कांदा. नुसता फोडून.

तारखेबाबत एक. चौलला दत्तजयंतीची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून पाच दिवस असते, तेव्हा त्या बाजूला लग्न म्हणजे वेडेपणा. कार्तिक वद्य एकादशीच्या सुमाराला वरसोलीची जत्रा. तुमचं माघात आहे, म्हणून सुटलात. फक्त 26 जानेवारीला जोडून सुट्टी येत नाही ना, ते पाहा.

बॉस्टनच्या मंडळींना दुसऱ्या दिवशी अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यावर न्या. त्रयोदशी असेल, ओहोटी पावणेचारच्या सुमारास, म्हणजे अडीचला चालत निघायचं आणि पाच वाजायच्या आत परत. पाणी घोट्या-गुडघ्यापर्यंत राहील, चपला हातात. खाऱ्या पाण्यातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आणि आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ पाहून त्यांना बोलायला पुष्कळ मिळेल. किल्ला पुरातत्त्व खात्याचा आहे, तिथे लग्नाचा कुठलाही विधी करायचा बेत मुलीच्या मैत्रिणींच्या डोक्यात असेल तर आताच काढून टाका. ड्रोनही नको. वेळ उरला तर इस्रायल आळीतलं 1848 चं सिनेगॉग दाखवा. घरात मराठी बोलणारे ज्यू इथे शतकानुशतकं राहत आलेत, हे ऐकून ती मुलं किल्ल्यापेक्षा तिथेच जास्त रेंगाळतात, असा माझा अनुभव आहे.

आगाऊ रक्कम देण्याआधी एक काम करा. पौष शुद्ध द्वादशीला या. बरोबर एक चांद्रमास आधी, म्हणजे भरती-ओहोटीचं घड्याळ तेच असेल. चार वाजता किनारा पाहा, साडेपाचला वाडीत जा आणि आठपर्यंत थांबा. मालकाला दिवे लावू नका म्हणावं. सोबत सासूबाईंना आणा, आणि मुख्य रस्त्यावर गाडीतून उतरून मांडवाच्या जागेपर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत त्यांना चालू द्या. मध्ये कुठे त्यांनी तुमचा हात धरला, ती जागा खडूने खूण करून ठेवा. तिथे फरशी किंवा दिवा कुठला लावायचा ते मी आल्यावर बघतो.